अंगणाखालची ऊब

४ फेब्रुवारी

नकटे,

खूप आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलते ते तुझ्याआधी सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं, म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतच्या शाळेवर जेवढं येतं तेवढं लिहिते, काना-मात्रा तू घालून घे.

काल जिन्याखाली मीटिंग झाली. बिल्डरचा माणूस आला होता. बूट असे चकचकीत की त्यात त्याचंच तोंड दिसावं, आणि मला वाटतं तो बघतही असावा. आपल्या तिन्ही बिल्डिंगा पाडून नव्या बांधायच्या हे तुला ठाऊकच आहे. त्यानं भिंतीला नकाशा चिकटवला आणि म्हणाला, आता घरोघरी हीटर नको, घरोघरी एसी नको. मधल्या अंगणात खोल भोकं पाडायची, त्यात नळ सोडायचे, थंडीत जमिनीतली ऊब वर घ्यायची आणि उन्हाळ्यात घरातली गरमी खाली सोडायची. सगळ्यांचं मिळून एकच. मी जवळ जाऊन बघते तो नकाशाच्या कोपऱ्यात तुझ्या ऑफिसचं नाव. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग उभीच राहिले. म्हटलं, हा माझ्या नातीनं काढलाय.

तो म्हणाला, 'मग आजी, तुम्हीच समजावून सांगा यांना.' त्याला वाटलं म्हातारी लाजून खाली बसेल. लाजायला मी काय त्याच्या घरी नांदायला आलेय?

पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, 'जमिनीत ऊब कुठून येणार? खाली काय ज्वालामुखी आहे?' मी म्हटलं, 'डॉक्टर, तुमच्या तळघरातले बटाटे थंडीत गोठतात का? उन्हाळ्यात शिजतात का? नाही ना? मग जमीन आपली वर्षभर एकाच चालीनं चालते, घाई आपल्यालाच.' लोक हसले. दाढा उपटून उपटून त्यांना वाटतं, खोल गेलं की दुखणारच.

सगळे सह्या करायला तयार आहेत, एक लॉन्ड्रीवाली सोडून. ती मागे हाताची घडी घालून बसली होती. तिचं दुकान अंगणाच्या तोंडाशी, वर तिची खोली, मालकी तिची. तिची सही नसेल तर सगळंच अडतं. ती म्हणाली, 'माझ्या बॉयलरचं काय?' तो म्हणाला, 'मोबदला मिळेल.' ती म्हणाली, 'मोबदल्यावर चादरी वाळतात का?' आणि उठून गेली. मग सगळे तिच्या नावानं बोटं मोडायला लागले. मला ते ऐकवेना. तुझा शाळेचा युनिफॉर्म पावसाळाभर कोणाच्या बॉयलरवर वाळला? तुझ्या नोकरीच्या मुलाखतीचा कोट कोणी इस्त्री केला? जळायला आला होता कॉलरपाशी, पण केला.

तर मला एवढंच कळव, तुझ्या त्या नकाशात तिची जागा आहे का. असेल तर मी तिला पटवते. मला नाही म्हणून ती जाईल कुठं.

तुझ्या बापाला मी पत्र लिहिते हे सांगू नकोस. 'मला कधी लिहिलं नाहीस' म्हणून बसेल.

तुझी आजी

१३ फेब्रुवारी

आजी,

वाकून नमस्कार. तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. बटाट्यांचं उदाहरण आमच्या साहेबांनी उचललं, आता तेच सगळीकडे सांगत फिरतात.

तू विचारलंस ते फार नेमकं विचारलंस. ऐक. घरं थंडीत जेवढी ऊब जमिनीतून घेतात, तेवढी उन्हाळ्यात परत देत नाहीत. घ्यायचं जास्त, द्यायचं कमी. असं चाललं तर जमीन दरवर्षी थोडी थोडी गार होत जाते आणि काही वर्षांनी नळ नुसते फिरत राहतात. लॉन्ड्रीचं तसं नाही. ती बाराही महिने गरम पाणी गटारात सोडते. ते गटारात जाण्याऐवजी त्यातली ऊब आपण जमिनीत घातली, तर हिशेब जमतो. म्हणून मावशींची लॉन्ड्री आमच्या दृष्टीनं सोनं आहे. मी ती तळमजल्यावर, आहे त्याच कोपऱ्यात दाखवली आहे. नकाशाची एक प्रत सोबत पाठवते.

पण आजी, हा अजून पक्का नाही. वरून मंजुरी यायची आहे. कोणाला दाखवू नकोस, फक्त तुझ्यासाठी आहे.

खोकला कसा आहे? रॉकेलचा हीटर खिडकी लावून पेटवू नकोस.

तुझी नकटी

२५ फेब्रुवारी

नकटे,

आशीर्वाद. नकाशा दाखवला. रागवू नकोस. तू 'दाखवू नकोस' लिहिलंस ते मी वाचलं, पण ते खाली होतं, आणि वरचं वाचूनच मी चपला घातल्या होत्या.

लॉन्ड्रीवाली चादरी घड्या करत होती. मी नकाशा तिच्या टेबलावर पसरला. ती म्हणाली, 'ओलं आहे तिथं, म्हातारे.' स्वतः माझ्याहून मोठी, पण मला म्हातारे म्हणते. मी कोपऱ्यावर बोट ठेवलं, वाच म्हटलं. तिनं वाचलं, लॉन्ड्री. मग मी तिला सगळं सांगितलं, की तुझ्या पाण्यावर सगळ्यांची घरं तापणार, तू नसशील तर नळ गारठतील. तिनं हातातली चादर घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाली, 'म्हणजे इतकी वर्षं माझ्या गटाराला वास येतो म्हणून ज्यांनी तक्रारी केल्या, ते आता त्या गटारावर झोपणार?' आणि अशी हसली की तिची कामवाली बाहेर आली बघायला, काय झालं म्हणून.

मग हळूच म्हणाली, 'हे लेखी देतील का?' मी म्हटलं, 'अगं, पोर माझी आहे. तुझ्या बॉयलरवर वाढली. तिच्याकडून काय कागद मागायचा?' ती म्हणाली, 'बरं.' पण चाचणीचं भोक पाडून झाल्यावर सही करीन म्हणाली. आधी मशीन बघू दे म्हणाली.

आणि मशीन आलं. काय तो प्रकार. अंगणात एवढा मोठा खांब उभा केला आणि दिवसभर घर्र घर्र. माझी कवळी ग्लासात नाचत होती. राखाडी चिखल निघाला तो डॉक्टरांच्या गाडीवर उडाला, म्हणजे देव आहे म्हणायचा. मग त्यात नळ सोडले, गरम पाणी फिरवलं आणि एक मुलगी कॉम्प्युटर घेऊन बसली, जमीन किती ऊब पिते ते बघायला. मी तिला चहा दिला. ती म्हणाली, तुमची जमीन चांगली आहे. ऐकून मला इतकं बरं वाटलं, जशी काही मीच ती दह्यासारखी घरी लावली होती.

खोकला आहे तिथंच आहे. आता तो घरचाच.

तुझी आजी

३० मार्च

आजी,

नमस्कार. उशीर झाला. इथे कामाचा डोंगर आहे.

चाचणीचे आकडे चांगले आले. सगळं मार्गी लागतंय, फक्त सगळ्या सह्या या आठवड्यात हव्यात. नाही झाल्या तर या कामासाठीचे पैसे दुसऱ्या शहरातल्या कामाला जातील आणि आपल्या बिल्डिंगा आहेत तशाच राहतील, गळक्या आणि गार. मावशींनी अजून सही केली नाही असं कळलं.

तू त्यांना एवढं सांगू शकतेस, की मंजुरीसाठी जे गणित दिलं आहे ते लॉन्ड्री धरूनच केलेलं आहे. ते मी स्वतः केलं आहे.

मला सध्या जास्त लिहिता येत नाही. तब्येत सांभाळ.

तुझी नकटी

७ एप्रिल

नकटे,

झाली सही! बघ, मी म्हटलं नव्हतं?

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. 'गणित लॉन्ड्री धरूनच', हे वाक्य दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाफेचा आवाज मध्ये आला. तीच म्हणाली, बोलाव त्याला. बिल्डरचा माणूस आला तो गठ्ठा घेऊन, विटेएवढा. लॉन्ड्रीवालीनं चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली, बोट ठेवून. तो माणूस घड्याळ बघतोय, सोसायटीचा सेक्रेटरी माझ्याकडे बघतोय, बाहेर डॉक्टर उगाच फेऱ्या मारतायत. मला मेलीला लाज वाटली, आपल्या माणसावर असा अविश्वास दाखवते म्हणून. मी तिच्या हातातून तो गठ्ठा घेतला आणि शेवटचं पान काढून दिलं. म्हटलं, 'अगं, माझी नात काय तुला फसवणार आहे?' ती माझ्याकडे बघून म्हणाली, 'तुझी नात नाही फसवणार.' आणि केली सही. चष्मा तसाच नाकावर.

मग सेक्रेटरीनं सगळ्यांना चहा पाजला. डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याशी नीट बोलले, म्हणाले, तुमचा शब्द म्हणजे शब्द. माझी छाती अशी फुगली की खोकलाच आला.

पुढच्या महिन्यात घरं रिकामी करायची. मला भाड्याची खोली मिळाली आहे, मार्केटच्या मागे, बरी आहे, खिडकीतून भिंत दिसते. लॉन्ड्रीवालीनं मशीनं भाच्याच्या गोडाऊनमध्ये ठेवली, बॉयलर चादरीत गुंडाळून. ती भाच्याकडे राहणार, तोवर. 'तोवर' म्हणताना ती हसत होती.

कधी येतेस? तू आलीस की तिला भेटायला जाऊ.

तुझी आजी

१६ सप्टेंबर

नकटे,

आशीर्वाद. एप्रिलपासून तीन पत्रं टाकली, तुझं एकही नाही. तुझा बाप म्हणतो ती कामात असते. मी म्हटलं, मी कुठं म्हटलं ती झोपा काढते.

आज बिल्डिंगचं काम बघायला गेले होते. अंगण आता अंगण नाही, सगळीकडे नळांची तोंडं वर आलेली, त्यांना लाल टोप्या. मुकादम ओळखतो मला. म्हणाला, 'आजी, इकडून या, तिकडे शोरूमचं चाललंय.' मी म्हटलं, कसलं शोरूम? तो म्हणाला, कोपऱ्यावर फर्निचरचं शोरूम होणार, काचेचं, दोन मजली. मी म्हटलं, 'तू नवीन आहेस रे बाबा. तिथं लॉन्ड्री आहे.' तो म्हणाला, 'आमच्या नकाशात तर नाही.' मी म्हटलं, 'तुझा नकाशा जुना असेल. माझ्याकडे आहे तो नातीनं दिलाय.'

त्याला काय माहीत. तरी पण तू एकदा लिही, की त्याचा नकाशा जुना आहे. म्हणजे लॉन्ड्रीवालीला सांगता येईल. तिनंही कुठूनतरी ऐकलंय. काल मार्केटमध्ये भेटली तर म्हणाली, 'म्हातारे, नातीचं पत्र आलं का?' मी म्हटलं, वाटेत आहे.

तर आता ते वाटेत असू दे.

तुझी आजी

२ ऑक्टोबर

आजी,

मुकादमाचा नकाशा नवा आहे. तुझ्याकडे आहे तो जुना.

मार्चमध्ये, मी तुला ते पत्र लिहिलं त्याच्या आधी, कोपऱ्याची जागा शोरूमला द्यायचं ठरलं. वाफ, ओले कपडे, गटार, हे नव्या बिल्डिंगच्या दर्शनी भागात नको असं बिल्डरचं म्हणणं. मी मीटिंगमध्ये बोलले. मला सांगण्यात आलं की लॉन्ड्रीऐवजी भोकं आणखी खोल न्या, म्हणजे गणित जमेल. मी पुन्हा गणित केलं. कागदावर ते जमलं.

मला तुला कळवता आलं असतं. कळवलं असतं तर मावशींनी सही केली नसती, आणि सगळंच बारगळलं असतं. कोणालाच काही मिळालं नसतं. तू आणखी एक थंडी त्या रॉकेलच्या हीटरपाशी काढली असतीस. तुझा खोकला मी ऐकते फोनवर. मी एका दुकानाच्या बदल्यात सगळ्यांची घरं बघितली. त्यांना मोबदला चांगला मिळाला आहे, तो मी स्वतः वाढवून घेतला.

आणि आजी, मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. मंजुरीसाठी दिलेलं गणित तेव्हा लॉन्ड्री धरूनच होतं. तू पत्र पुन्हा वाचून बघ.

मला माहीत आहे तू रागावशील. पण घर उबदार झालं की तुला पटेल.

तुझी नकटी

१९ ऑक्टोबर

नकटे,

तू सांगितलंस म्हणून पत्र पुन्हा वाचलं. खरंच, एकही अक्षर खोटं नाही. इतकं चोख लिहायला मला सात जन्म शाळेत जावं लागेल. शिकवल्याचं चीज झालं.

लॉन्ड्रीवालीला सांगायला मीच गेले. तुझा बाप म्हणाला, पत्र पाठव. मी म्हटलं, पत्रांनी आपल्या घरचं बरंच काम केलंय, आता पाय करू देत.

भाच्याच्या घरी ती स्वयंपाकघरात बसली होती. तिथं तिला दुसरी बसायची जागा नाही. मी उभ्यानंच सांगितलं. तिनं भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. मी वाटेत सगळी उत्तरं तयार करून गेले होते. ती म्हणाली, 'बसा.' मला वाटलं मागे कोणी आलं म्हणून मी वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. 'बसा, चहा घ्या,' म्हणाली. आम्ही दोघी एका नळावर पाणी भरायला लागलो तेव्हापासून मला ती म्हातारे म्हणते, अगं म्हणते, कधी चिडली तर मेले म्हणते. आज 'तुम्ही'.

मी म्हटलं, 'अगं, मला ठाऊक नव्हतं.' ती म्हणाली, 'तुम्हाला कसं असणार. तुम्ही पण कुठं वाचलं होतं.'

चहा चांगला होता. साखर बरोबर घातली होती, अर्धा चमचा, मला लागते तशी.

बॉयलर भंगारात गेला म्हणे. गोडाऊन भाच्याला लागत होतं. ती आता हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत जाते, घड्या घालायला. मशीनं दुसऱ्याची आणि वर सुपरवायझर, तो तिला घडी कशी घालायची ते शिकवतो.

मोबदला तू वाढवून घेतलास हे मी तिला सांगितलं नाही. तेवढं मला नाही जमलं.

आजी

८ जानेवारी

आजी,

नमस्कार. तुझ्या शेवटच्या पत्राला दोन वर्षं होऊन गेली, नव्या घरातली ही तुझी दुसरी थंडी. बाबा म्हणतात खोकला जवळजवळ गेला. ऐकून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. तू लिहीत नाहीस. मी पत्रं पाठवते ती पोचतात एवढं बाबांकडून कळतं.

आजी, एक अडचण आहे, आणि ती तुझ्यापासून लपवायची नाही असं मी ठरवलं आहे. जमीन अपेक्षेपेक्षा लवकर गार होते आहे. भोकं खोल नेली तरी घेणंच जास्त होतंय, परत काही जात नाही. आणखी काही वर्षं असंच चाललं तर घराघरांत पुन्हा हीटर लावावे लागतील. या कामाची जबाबदारी आता पूर्णपणे माझ्यावर आहे.

यावर उपाय समोरच्या गल्लीतला बर्फाचा कारखाना. बर्फ करताना मशीनमधून जी गरमी बाहेर पडते, ती तो रस्त्यावर सोडतो. ती आपल्या नळांना मिळाली तर जमीन सावरेल. त्याला जोडायचं तर त्याच्या आवारातून नळ न्यावे लागतील, आणि पुढे त्याची बिल्डिंगही नव्या योजनेत येईल. मालक गेल्याच वर्षी आलेला आहे, इथलं मागचं त्याला काही माहीत नाही. कागद देऊन झालेत, तो सही करत नाही. आमच्या माणसाला म्हणाला, समोरच्या बिल्डिंगमध्ये एक आजी राहतात, त्या रोज बोलतात माझ्याशी, त्यांनी सांगितलं तर बघू.

आजी, त्या तूच आहेस. एकदा त्याच्याशी बोलशील? यावेळी त्याचा कारखाना राहील असं लिहून देण्याचा मी प्रयत्न करते आहे. साहेब अजून हो म्हणालेले नाहीत, पण म्हणतील. तू फक्त त्याला धीर दे.

तुझी नकटी

२४ जानेवारी

नकटे,

आशीर्वाद. सगळी पत्रं पोचली. वाचली पण. आता मी पत्र दोनदा वाचते, एकदा काय लिहिलंय ते, आणि एकदा काय नाही ते. डोळे दुखतात, पण सवय लागली.

घर छान आहे. खोटं कशाला बोलू. पहिल्या थंडीत फरशीवर पाय टेकला की मांजराच्या पाठीवर ठेवल्यासारखं वाटायचं. खोकला असा गेला की रात्री मीच जागी होते, घरात कोण नाही म्हणून. आता फरशी कोमट झालीय. डॉक्टर जिन्यात भेटले की विचारतात, 'काय आजी, तुमच्या नातीची जमीन आजारी पडली का?' सेक्रेटरी तर मला बघून पायमोजे वर ओढतो. मी म्हणते, मला काय विचारता, मी फक्त शेवटचं पान काढून देते.

हॉस्पिटलच्या दारात मी आठवड्यातून एकदा जाऊन उभी राहते, लॉन्ड्रीची पाळी सुटते तेव्हा. ती बाहेर येते, 'बरं आहे ना तुमचं?' म्हणते आणि बसस्टॉपकडे जाते. मी बरं आहे म्हणते. तिचे हात आता फुटलेत, तिथलं धुण्याचं औषध कडक असतं. एकदा मी क्रीम नेलं होतं. तिनं घेतलं, आभार मानले. तिनं माझे आभार मानले, नकटे.

आता तुझं काम. बर्फवाल्याकडे गेले होते. भला माणूस आहे, मला बघून स्टूल पुसून देतो. मशीनच्या मागून गरम वारा येत होता, रस्त्यावरचं कुत्रं त्याच्यासमोर पसरलं होतं. तू म्हणतेस ते खरं आहे, ती ऊब वायाच जाते. त्यानं स्वतःच गठ्ठा काढला, तसाच विटेएवढा, आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, 'आजी, मला यातलं फारसं कळत नाही. खालचे डॉक्टर सांगत होते, हे नळाचं सगळं काढणारी बाई तुमची नात आहे. खरं का? तसं असेल तर तुम्ही सांगाल ते. घरचंच झालं म्हणायचं.'

मी म्हटलं, 'डॉक्टरांची काहीतरी गफलत झाली. त्या ऑफिसात माझं कोणी नाही.'

तो म्हणाला, 'अरे, मला वाटलं…'

मी म्हटलं, 'नाही रे बाबा. मला एक नात आहे, ती दूर असते. ती हे काम करत नाही.'

त्यानं गठ्ठा परत घेतला, चष्मा शोधला, कामगाराला दिवा लावायला सांगितला आणि पहिलं पान उघडलं. मी घरी आले.

तुझं काम मी बिघडवलं नाही. बरंवाईट काहीच बोलले नाही. तुझं गणित बरोबर असेल, जमिनीला त्याची गरज असेल, मलाही थंडी वाजतेच. पण आता त्याच्याकडे जाशील तेव्हा परकी म्हणून जा. परक्याचा कागद माणूस पानन्‌पान वाचतो. त्यानं सगळं वाचून सही केली, तर ती सही तुझी. आणि नाही केली, तर मी एखादी जास्तीची रजई काढीन.

आजी